अनंत चतुर्दशी ते वसुबारस : मर्यादित वेळात सहा कपडे घरी शिवण्याची पद्धत

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहून नोकरी करणाऱ्या माणसाला शिवणासाठी मिळणारा वेळ म्हणजे रात्रीच्या जेवणानंतरचा पाऊण तास आणि रविवारची दुपार. एवढ्या वेळात एखादा कुर्ता होईल, पण नेहमीच्या वापराचे सगळे कपडे घरी शिवणे शक्य नाही, असे अनेकांना वाटते. माझा अनुभव वेगळा आहे. प्रत्यक्ष शिलाई मारण्यात फारसा वेळ जात नाही. तो जातो काय शिवायचे हे ठरवण्यात, प्रत्येक कपड्यासाठी नव्याने मापे मांडण्यात, कापड पसरून पुन्हा आवरून ठेवण्यात, दोरा बदलण्यात आणि चुकलेले उसवण्यात. ही कामे प्रत्येक कपड्यामागे न करता सर्व कपड्यांसाठी एकदाच केली, तर सहा कपडे सुमारे पंधरा-सोळा तासांच्या शिलाईत पूर्ण होतात. पुढील पद्धत सरळ शिलाई नीट मारता येणाऱ्या आणि आधी एखादा कुर्ता शिवलेल्या व्यक्तीसाठी आहे.

काळाची आखणी

मुदत नसेल तर शिवण रेंगाळते, आणि आपल्याकडे दिवाळीसारखी चांगली मुदत दुसरी नाही. मध्ये अधिक महिना आला नसेल, तर अनंत चतुर्दशीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत सुमारे साडेसहा आठवडे मिळतात. पितृपंधरवड्यात अनेक घरांत नवे कापड घेत नाहीत. ती अडचण न मानता तो पंधरवडा मापे, कागदी नमुने आणि जुन्या चादरीवरची चाचणी यांसाठी राखून ठेवावा, कारण या तिन्ही कामांना नवे कापड लागतच नाही. घटस्थापनेनंतर कापड आणून धुवावे, दसऱ्यापर्यंत सर्व कापणी संपवावी आणि दसऱ्यापासून वसुबारसेपर्यंतचे सुमारे सतरा दिवस शिलाईला द्यावेत. त्यातला शेवटचा रविवार फराळात जाणार हे आधीच गृहीत धरावे. उरलेले दोन रविवार चार-चार तास आणि बारा-तेरा संध्याकाळी पाऊण-पाऊण तास, असा हिशेब केला तरी सतरा ते पावणेअठरा तास हाती येतात.

मशीनची साफसफाई आणि तेलपाणी मात्र खंडेनवमीच्या पूजेची वाट न पाहता आधीच करावे. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात दोन-तीन महिने बंद राहिलेल्या मशीनमध्ये तेल घट्ट होते, सुईच्या पट्टीखाली दोऱ्याचा कचरा साचतो आणि बॉबिन केसच्या कडेला गंज धरू शकतो. पट्टी काढून ब्रशने कचरा झाडावा, शटलजवळ एक-दोन थेंब मशीनचे तेल द्यावे आणि चिंधीवर तेलाचा डाग पडायचा थांबेपर्यंत शिलाई मारावी. दुरुस्तीची गरज आहे असे दिसले, तर कारागिराला याच पंधरवड्यात बोलवावे, कारण दसऱ्यानंतर तो लवकर मिळत नाही.

काय शिवायचे

सहा कपड्यांची निवड करताना ते एकमेकांबरोबर घालता येतील आणि कमीत कमी नमुन्यांवर बसतील, हे दोन निकष पाहावेत. माझी शिफारस अशी : दोन सरळ कुर्ते, एक आखूड कुर्ता, दोन इलॅस्टिकच्या सरळ पँट आणि एक बिनबाह्यांचे लांब जाकीट. वरचे तीन कपडे आणि खालचे दोन मिळून सहा जोड्या होतात. जाकीट घालून आणि न घालता धरल्यास बारा. जाकिटाचा उपयोग फक्त शोभेचा नाही. बाहेर घाम आणि कार्यालयात गारठवणारा एसी, या दोन हवामानांत दिवस काढणाऱ्यांना सहज काढता-घालता येणारा वरचा थर लागतोच.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे सहा कपडे केवळ दोन मूळ नमुन्यांतून निघतात. आखूड कुर्ता म्हणजे सरळ कुर्त्याचाच नमुना २८ इंचांवर थांबवलेला. जाकीट म्हणजे तोच नमुना, फक्त बाजूला अर्धा इंच रुंद, मुंढा (बाही जोडतात तो बाकदार भाग) अर्धा इंच खाली आणि पुढचा भाग मधोमध उघडा. दुसरा नमुना पँटचा. साखळी (झिप), अस्तर, कॉलर आणि चुण्यांची कंबर या चार गोष्टी या वेळी पूर्णपणे टाळाव्यात. त्या वाईट आहेत म्हणून नव्हे, तर त्यांतली प्रत्येक गोष्ट एक संपूर्ण संध्याकाळ घेते.

रंग ठरवताना दोऱ्याचा विचार करावा, याकडे फार कमी जण लक्ष देतात. दोन्ही पँट गडद आणि वरचे कपडे फिक्या किंवा मध्यम छटेचे घेतले, तर एक गडद निळा आणि एक राखाडी-बदामी असे दोन दोरे सगळीकडे चालतात. बाहेरून दिसणारी शिलाई फक्त कडांवर आणि साइड कटवर येते, तेवढ्यापुरता जुळता दोरा घ्यावा.

नमुना आणि चाचणी

हा टप्पा सर्वांत जास्त वेळ देण्याजोगा आहे, आणि घाई असलेली माणसे नेमका हाच टप्पा गाळतात. सूत्रे मांडून मापे काढण्यापेक्षा आपल्याला सर्वांत नीट बसणारा, ताण न देणाऱ्या कापडाचा कुर्ता निवडावा, इस्त्री करून मधोमध दुमडावा आणि खाकी कागदावर त्याची रेघ उतरवावी. पुढचा आणि मागचा भाग स्वतंत्र उतरवावेत, कारण पुढच्या मुंढ्याचा बाक मागच्यापेक्षा खोल असतो. नंतर टेपने अंगाचे माप घेऊन पडताळणी करावी. छाती ३८ इंच असेल, तर चौथा भाग साडेनऊ, त्यात ढिलाईचा पाऊण ते एक इंच आणि माया (शिवणीसाठी सोडलेले जादा कापड) एक इंच, म्हणजे कागदाची रुंदी सव्वाअकरा ते साडेअकरा इंच आली पाहिजे. सीटजवळ ढिलाई थोडी जास्त ठेवावी, नाहीतर बसल्यावर साइड कट ताणला जातो.

नमुना जुन्या चादरीवर कापून मोठ्या टाक्यांनी जोडावा आणि अंगात घालून रोजच्या हालचाली करून पाहाव्यात. आरशासमोर हात खाली सोडून उभे राहिले, तर कोणताही कुर्ता बरा दिसतो. त्यामुळे गाडीत वरची कडी धरतो तसा एक हात पूर्ण वर न्यावा, खांद्यावर पिशवी अडकवावी, खुर्चीत बसावे आणि दोन्ही हात पुढे करून कीबोर्डवर ठेवल्यासारखे धरावेत. हात वर नेल्यावर सगळा कुर्ता वर खेचला जात असेल, तर बहुतेक जण मुंढा आणखी खोल कापतात, आणि त्याने दोष वाढतो. मुंढा खाली गेला की बाही अंगाला खाली जोडली जाते आणि हात उचलताच बाजूची शिवण बरोबर वर येते. अशा वेळी मुंढा अर्धा इंच वर घ्यावा आणि बाहीची दंडाजवळची रुंदी थोडी वाढवावी. पाठीवर दोन्ही मुंढ्यांच्या मध्ये आडव्या घड्या ताणून दिसत असतील, तर पाठीची रुंदी कमी आहे. मागच्या भागाला प्रत्येक बाजूस पाव इंच द्यावा.

पँटची चाचणी मांडी घालून जमिनीवर बसून करावी. मागचे आसन (दोन्ही पाय जोडणारी मधली शिवण) आखूड असेल, तर कंबर मागून खाली सरकते. त्यासाठी मागच्या भागाची कंबर मधोमध एक इंचाने वर घ्यावी आणि बाजूच्या शिवणीपर्यंत उतरती आणावी. सगळे फेरफार कागदावर लगेच उतरवून, नमुना पुठ्ठ्यावर चिकटवून कापून घ्यावा. पुठ्ठ्याभोवती खडू पटकन फिरतो आणि कागदासारखी कड वाकत नाही. मुंढ्याच्या खुणा, साइड कट जिथे सुरू होतो ती जागा आणि उभ्या धाग्याची रेघ पुठ्ठ्यावर ठळक काढून ठेवावी.

कापड : किती, कोणते, कुठून

दुकानात उभे राहून अंदाज करण्याऐवजी पन्ह्यानुसार (कापडाच्या रुंदीनुसार) गरज आधीच काढून न्यावी. कुर्त्याची उंची ४२ इंच, बाही पाऊण आणि घेर साधारण धरल्यास ४४ इंच पन्ह्यात पुढचा आणि मागचा भाग एकाखाली एक येतात आणि बाह्या शेजारच्या पट्टीत बसतात, म्हणून अडीच मीटर पुरते. ३६ इंच पन्ह्यात बाह्यांना वेगळी लांबी लागते, तिथे तीन मीटर घ्यावे. ५८ इंच पन्ह्यात दोन्ही भाग शेजारी शेजारी बसतात आणि पावणेदोन मीटरमध्ये काम होते, त्यामुळे मीटरचा भाव जास्त असला तरी एकूण खर्च पुष्कळदा तेवढाच येतो. ४४ इंच पन्ह्याच्या हिशेबाने दोन कुर्त्यांना पाच, आखूड कुर्त्याला पावणेदोन, प्रत्येक पँटला सव्वादोन आणि जाकिटाला सव्वादोन, असे एकूण साडेतेरा मीटर कापड लागते. शरीरयष्टी मोठी असेल किंवा छापाची दिशा एकाच बाजूची असेल, तर प्रत्येकी पाव मीटर वाढवावे.

कुर्त्यांसाठी केंब्रिक किंवा मध्यम जाडीचे हातमागाचे सुती कापड घ्यावे, कारण ते कापताना सरकत नाही आणि इस्त्रीची घडी धरते. मलमल आपल्या हवेला उत्तम, पण ती पारदर्शक असल्याने आतून काहीतरी घालावे लागते आणि तिच्या शिवणी कच्च्या कडा आत घेऊन बंद कराव्या लागतात. रेयॉन अंगावर सुंदर पडते, परंतु मशीनखाली सरकते आणि आटतेही जास्त, म्हणून वेळ कमी असताना त्याचा एकच कपडा ठेवावा. पँटसाठी जाडसर पॉपलिन किंवा लिननमिश्रित सुती कापड बरे. जाकिटाला खण किंवा इरकलीचे कापड उठून दिसते. मात्र खणाचा पन्हा लहान असतो, त्यामुळे तुकड्यांची मांडणी आधी कागदावर करून पाहावी.

ठाण्यातल्या वाचकांना जांभळी नाक्याच्या बाजारात आणि स्टेशन परिसरात सुती कापड मिळते. निवड जास्त हवी असल्यास मध्य रेल्वेने उल्हासनगरचे गजानन मार्केट किंवा दादरचा हिंदमाता परिसर गाठता येतो. मुंबईतले मंगळदास मार्केट रविवारी बंद असते, म्हणून नोकरदारांनी तिथे जायचे तर शनिवार निवडावा, आणि वाशी-नेरूळकडच्या लोकांना हार्बर मार्गाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून ते चालत गाठणे सोयीचे पडते. कुठेही गेलात तरी कापड, दोरे, इलॅस्टिक, कॅनव्हास (गळ्याच्या पट्टीला चिकटवायचे कडक कापड), बटणे आणि सुया एकाच फेरीत घ्याव्यात. बटणांसाठी पुन्हा गाडीने जावे लागले, तर त्या आठवड्यातली एक संध्याकाळ शिवणाला मिळत नाही.

खरेदीऐवजी घरातल्या जुन्या सुती साड्या वापरणेही तितकेच चांगले. साडेपाच मीटरच्या साडीतून दोन कुर्ते सहज निघतात. कुर्त्याच्या घेराला साडीचा काठ हवा असेल, तर तुकडे साडीच्या आडवे लावावे लागतात. ते करण्यापूर्वी कापड आडव्या धाग्यात किती ताणते, हे ओढून पाहावे.

कापड कापण्यापूर्वी धुणे टाळता येत नाही. सुती कापड मीटरमागे पाच सेंटिमीटरपर्यंत आटू शकते आणि शिवून झाल्यावर आटले, तर सगळी चाचणी वाया जाते. प्रत्येक गडद रंग वेगळा, थंड पाण्यात तासभर भिजवावा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावा. भाद्रपद-आश्विनातल्या दमट दिवसांत सुती कापड वाळायला कधी दोन दिवस लागतात, त्यामुळे सर्व कापड एकाच दिवशी न भिजवता तीन हप्त्यांत धुवावे. किंचित ओलसर असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री केली, की तिरके झालेले कापड सरळ होते.

एकाच बैठकीत कापणी

कापणीसाठी एक पूर्ण दुपार द्यावी आणि मध्ये दुसरे काही ठेवू नये. फ्लॅटमध्ये मोठे टेबल नसते, म्हणून दिवाणखान्यातली फरशी पुसून, कोरडी करून तिथेच कापड पसरावे. टाचण्या लावण्यापेक्षा पुठ्ठ्याच्या नमुन्यावर डाळीचे भरलेले डबे ठेवणे जलद पडते. दोन कुर्त्यांची सुती कापडे एकावर एक दुमडून चार थर एकदम कापता येतात, पण कात्री धारदार हवी आणि छाप एकाच दिशेचा नसावा. मलमल आणि रेयॉन मात्र वेगळेच कापावे. खालचा थर सरकला, तर दोन्ही बाजू असमान येतात आणि ती चूक शिवून झाल्यावरच कळते.

त्याच बैठकीत सर्व गळ्यांच्या पट्ट्या, मुंढ्यासाठी उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्ट्या आणि साइड कटच्या मागे लावायचे दीड इंचाचे चौकोनी तुकडे कापून ठेवावेत. प्रत्येक कपड्याचे सर्व भाग, बटणे आणि इलॅस्टिक एका पिशवीत घालून वर नाव लिहावे. अशी पिशवी तयार असली, की पाऊण तासाच्या संध्याकाळी शोधाशोध न करता पाचव्या मिनिटाला शिलाई सुरू होते.

घरात ओव्हरलॉक (कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून ओवणारे मशीन) नसेल, तर कापलेले भाग शिवण्यापूर्वीच इंटरलॉक करून देणाऱ्या दुकानात न्यावेत. जोडलेल्या कपड्यापेक्षा सुटे सपाट भाग तिथे लवकर होतात. काज-बटणाचे काम मात्र कोजागिरीच्या आत द्यावे. पुढच्या पंधरा दिवसांत ही दुकाने शिंप्यांच्या कामाने भरलेली असतात आणि घरगुती गिऱ्हाइकाला थांबावे लागते.

शिलाईचा क्रम

आधी पाच-सहा बॉबिन भरून ठेवाव्यात. मलमल आणि रेयॉनला ११ नंबरची सुई, केंब्रिक, पॉपलिन आणि लिननला १४, जाड खादीला १६. सुरुवातीला नवी सुई लावावी आणि टाका अडीच मिलिमीटरचा ठेवावा. यानंतरचा नियम एकच आहे : एका प्रकारचे काम सर्व कपड्यांवर संपवून मगच पुढच्या प्रकाराकडे जावे. म्हणजे तिन्ही कुर्ते आणि जाकीट यांचे खांदे सलग शिवावेत, आणि एक खांदा संपला की दोरा न तोडता दुसरा प्रेसर फूटखाली सरकवावा. शेवटी मधले दोरे कापून सर्व खांदे एकदम इस्त्री करावेत. एका शिवणीवर दुसरी आडवी शिवण येणार असेल, तर पहिली आधी दाबून घेतलीच पाहिजे.

पँटपासून सुरुवात करावी, कारण त्या लवकर होतात आणि हात बसतो. प्रत्येक पायाची बाहेरची आणि आतली शिवण घालून, एक पाय सुलट करून दुसऱ्याच्या आत घालावा आणि आसन एका दमात शिवावे. आसनावर पाव इंच आत दुसरी शिलाई हवीच, सर्वांत जास्त ताण तिथेच येतो. इलॅस्टिक कमरेच्या मापापेक्षा तीन इंच कमी घेऊन आधी टाचणीने जोडून, अंगात घालून पाहावे आणि मगच शिवावे.

कुर्त्याचा गळा हे कौशल्याचे काम आहे, ते थकलेल्या रात्री करू नये. कापलेला गळा हाताळताना ताणला जातो, म्हणून मायेच्या आत एक साधी शिलाई आधीच मारून त्याचा आकार पक्का करावा. गळ्याच्या पट्टीला इस्त्रीने कॅनव्हास चिकटवावे, सुलट बाजूवर सुलट बाजू ठेवून पाव इंचावर शिवावे आणि बाकदार भागात अर्ध्या-अर्ध्या इंचावर कात्रीने छेद द्यावेत, मात्र शिलाईला धक्का लागू देऊ नये. त्यानंतर माया पट्टीच्या बाजूला वळवून, पट्टी आणि माया एवढ्यांवरच कडेलगत एक शिलाई मारावी. ही शिलाई बाहेरून दिसत नाही, पण तिच्यामुळेच पट्टी आत बसून राहते आणि धुतल्यावर बाहेर डोकावत नाही. विकतच्या चांगल्या कुर्त्याचा गळा उलटून पाहिला, तर ती तिथे सापडेल.

बाह्या गोल शिवून जोडण्याऐवजी बाजू उघड्या असतानाच सपाट जोडाव्यात, आणि मग बाहीच्या टोकापासून साइड कटपर्यंत एकच लांब शिवण घालावी. पूर्ण झालेला कुर्ता घरचा वाटतो की सफाईदार, हे साइड कटवर ठरते. दोन्ही बाजूंच्या शिवणी एकाच उंचीवर थांबल्या आहेत का, हे कुर्ता मधोमध दुमडून, दोन्ही कट एकमेकांवर ठेवून पाहावे, आणि फरक असेल तर तो आताच काढावा. माया पाव इंच आणि मग पाऊण इंच दुमडून इस्त्रीने दाबावी, कटच्या टोकामागे चौकोनी तुकडा ठेवावा आणि शिलाई एका बाजूने वर नेऊन, टोकावर आडवे तीन-चार टाके घेऊन, दुसऱ्या बाजूने खाली आणावी. खालचा घेर त्यानंतर दुमडावा, आधी नाही.

रात्री दहानंतर खालच्या घरात मशीनचा आवाज जातो. मशीनखाली रबरी चटई ठेवली तरी उशिराच्या वेळेसाठी हेमिंग, बटणे आणि दोरे कापणे ही कामे राखून ठेवावीत. हेमिंग गाडीत करण्याचा मोह टाळावा, गर्दीत सुई कोणालाही लागू शकते.

कोजागिरीपर्यंत दोन्ही पँट पूर्ण आणि तिन्ही कुर्त्यांचे गळे व बाह्या लागलेल्या असतील, तर वेळापत्रक बरोबर चालले आहे. मागे पडला असाल, तर जाकिटाची पिशवी बांधून दिवाळीनंतरसाठी ठेवावी. बाकीच्या पाच कपड्यांच्या शिवणी घाईने मारण्यापेक्षा ते बरे. तयार कपडे पहिल्यांदा घालून दिवसभर वावरल्यावर कुठे ताण आला, कुठे सैल पडले, हे पुठ्ठ्याच्या नमुन्यावरच तारीख घालून लिहावे आणि दोन्ही नमुने भोक पाडून एका दोरीत ओवून कपाटाच्या आतल्या खिळ्याला टांगून ठेवावेत, कारण ते गुंडाळून ठेवले तर वाकतात.